ज्येष्ठांचा नृत्य-नाट्यप्रयोग: आधी खुर्ची, मग पाऊल, शेवटी पोशाख

इंदूरच्या मराठी वस्त्यांमध्ये, रामबाग असो की लोकमान्यनगर, कोजागरीच्या सुमारास ज्येष्ठांचा कार्यक्रम बसवायचं ठरतं आणि बहुतेक ठिकाणी सुरुवात चुकीच्या टोकापासून होते. आधी गाणं ठरतं, मग नऊवारी आणि फेट्यांची मोजदाद होते, आणि कोणाच्या गुडघ्यात रॉड आहे, कोणाला वळलं की गरगरतं, हे शेवटच्या आठवड्यात कळतं. मग ऐनवेळी हालचाली कापल्या जातात, दोन आजी नाराज होऊन बसतात आणि एखाद्या काकांचा पाय मुरगळतो.

क्रम उलटा करा. ज्या शरीरांना घेऊन प्रयोग उभा करायचा आहे ती आधी पाहा, त्यांना झेपेल अशी हालचाल ठरवा, तिच्यावर शब्द चढवा. पोशाख सगळ्यात शेवटी. खालची आखणी १४ सहभागी, २० मिनिटांचा प्रयोग आणि १२ आठवडे या हिशेबाने आहे. सराव आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी ७५ मिनिटं.

## टप्पा १: तारीख, वेळ आणि जागा

कोजागरीला प्रयोग असेल तर १२ आठवडे मागे मोजून सुरुवात करा, आणि मध्ये दोन खंड आधीच धरून ठेवा. गणेशोत्सवाचे दहा दिवस मंडळाचा हॉल मिळणार नाही, आणि पितृपक्षात काही घरांतून गाण्या-नाचण्याला यायला मन घेत नाही. हे दोन्ही खंड १२ आठवड्यांत मोजू नका. सूचनेत तिथीबरोबर तारीखही लिहा. आपला श्रावण इथल्या हिंदी पंचांगातल्या सावनच्या पंधरा दिवस नंतर सुरू होतो, त्यामुळे ‘श्रावणातल्या पहिल्या मंगळवारी’ म्हटलं की गटातल्या हिंदी भाषक शेजारणी हमखास दोन आठवडे आधी येऊन उभ्या राहतात.

वेळ दुपारी साडेचार ते पावणेसहा ठेवा. बीपीसाठी सकाळी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना दुपारपर्यंत वारंवार उठावं लागतं. सकाळच्या सरावात निम्मं लक्ष तिकडेच असतं. नवरात्रात अंधार पडला की गल्लोगल्ली गरब्याचे भोंगे सुरू होतात, त्याच्या आत सराव आटोपलेला बरा.

जागा तळमजल्यावरचीच हवी. शौचालय २० मीटरच्या आत, पाश्चात्त्य बैठकीचं, आतून कडी असली तरी बाहेरून उघडता येईल असं. पावसाळ्यात दारात दोन पायपुसणी टाका, एक बाहेर आणि एक आत, आणि ओल्या छत्र्यांसाठी बादली ठेवा. ओली फरशी हे पडण्याचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात टाळता येण्याजोगं कारण आहे.

खुर्च्या: बैठकीची उंची ४३ ते ४५ सेंटिमीटर, चार भक्कम पाय, पायांना रबरी बुच, चाकं नकोत. लग्नकार्यात वापरतात त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या अजिबात नकोत. फरशीवर उठताना मागे रेटा दिला की त्यांचे पाय फाकतात आणि माणूस खुर्चीसकट खाली येतो. उठायला हातांचा आधार लागणाऱ्यांसाठी हातांच्या खुर्च्या ठेवा, बाकीच्यांना बिनहातांच्या. हात पसरायला मोकळीक राहते.

> तपासा: खुर्चीत बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीला टेकतात का? ठेंगण्या आजींचे पाय लोंबकळत असतील तर पायांखाली घट्ट लाकडी पाट द्या. उभं राहायच्या वेळी तो बाजूला सरकवायचं काम एकाच मदतनिसाकडे सोपवा.

## टप्पा २: पहिले दोन दिवस फक्त पाहणीचे

या दिवसांत गाणं लावायचं नाही. प्रत्येकाजवळ बसून कागदावर लिहून घ्या: सांधे बदललेत का, हाडं ठिसूळ असल्याचं निदान आहे का, गेल्या वर्षभरात पडणं झालं का, मधुमेहासाठी इन्सुलिन आहे का, चक्कर येते का, काचबिंदू आहे का, कानाला यंत्र आहे का. हृदयाचा त्रास किंवा नुकतीच शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांचा होकार लेखी घ्या. घरचा एक फोन नंबर आणि चालू औषधांची चिठ्ठी प्रत्येकाच्या नावापुढे टाचून ठेवा.

एक गोष्ट इथेच विचारा: ‘तुम्हाला काय म्हणू?’ सगळ्यांना सरसकट आजी-आजोबा करू नका. ज्यांनी तीस वर्षं शाळेत शिकवलं त्यांना ‘बाई’च ऐकायचं असतं. लाडे लाडे बोलणं तर नकोच. अहो-जाहो ठेवा आणि सूचना सरळ द्या.

मग दोन साध्या चाचण्या. हात लांबवला की पोचेल इतक्या अंतरावर मदतनीस उभा हवा.

1. उठून चालून बसणं. खुर्चीतून उठा, ३ मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरा.
2. पावलापुढे पाऊल. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून १० सेकंद उभं राहणं. जमलं नाही तर उभ्याच्या हालचाली आधार धरूनच.

यावरून तीन गट होतात: मोकळे उभे राहणारे, खुर्चीची पाठ धरून उभे राहणारे आणि बसून करणारे. गटांना ‘चांगला’, ‘कमजोर’ असली नावं देऊ नका. मोगरा, शेवंती, अबोली म्हणा. आणि बसणाऱ्यांना कोपऱ्यात टाकू नका. रचना पुढे येईल तिथे ते प्रेक्षकांसमोर पहिल्या रांगेत आहेत.

> सावध: ठिसूळ हाडं असतील तर कमरेतून पुढे वाकणं आणि पाठीला पीळ देणं बंद. नमस्कार मान झुकवून. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी पायावर पाय टाकायचा नाही, गुडघा कमरेच्या वर न्यायचा नाही. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाईल असं काहीही नको. गिरकी कोणालाच नको.

## टप्पा ३: दर सरावाची पहिली १५ मिनिटं

ज्यांना बीपीचा त्रास आहे त्यांचं आल्यावर पाच मिनिटं शांत बसवून मग मोजा. १८०/११० किंवा वर आलं तर त्या दिवशी सराव नाही. थोड्या वेळाने पुन्हा मोजा, तसंच राहिलं तर घरी कळवून डॉक्टरांना विचारा. छातीत दुखणं, दम किंवा बोलण्यात जडपणा सोबत असेल तर वाट न पाहता १०८.

मग अंग मोकळं करणं, या क्रमाने:

1. खुर्चीच्या पुढच्या निम्म्या भागावर बसा, पावलं खांद्याइतकी दूर. सहा श्वास, सोडताना ‘हं’चा हलका गुंजारव.
2. खांदे मागच्या दिशेने ८ वेळा गोल.
3. अंगठ्याला चारही बोटं एकेक करून टेकवणं, पुढे-मागे ४ फेऱ्या. नृत्याच्या मुद्रा इथूनच सुरू होतात.
4. मान डावी-उजवी, अर्धीच. मान गोल फिरवणं नाही; वयात त्यानेच चक्कर येते.
5. टाच-चवडा आळीपाळीने उचलणं, २० वेळा.
6. बसल्याजागी पावलं ३० वेळा.
7. बसून उठणं ५ वेळा. हातांचा आधार घ्यायला संकोच नको.

सहाव्यानंतरच सातवं. बराच वेळ बसलेलं माणूस एकदम उठलं की रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पोटऱ्या आधी चालत्या केल्या तर रक्त वर ढकललं जातं. उठल्यावर खुर्ची धरून मनात दहा मोजायचे, मगच पाऊल. ही सवय प्रयोगापुरती नाही. रात्री बाथरूमला उठताना हेच करायचं, हे प्रत्येक सरावात सांगा.

ताकद किती लावायची याची मोजपट्टी सोपी आहे: हालचाल करता करता बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की लय कमी करा. दुसऱ्या दिवशी अंग जरा आंबलं तर चालेल. पण सराव संपून दोन तास झाले तरी सांधा नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल तर ती हालचाल पुढच्या वेळी निम्मी करा.

## टप्पा ४: हालचाल बसवणं (आठवडा २ ते ६)

आपल्याकडचे खेळ या कामाला फार सोयीचे आहेत, फक्त निवड डोळसपणे हवी. मंगळागौरीतला झिम्मा बसून छान होतो. सूप नाचवणंही, हलकं सूप घेतलं तर. पिंग्यात मान न घुमवता फक्त खांदे आणि हात घ्या. फुगडी, बसफुगडी, कोंबडा हे सोडून द्यायचे. ‘एकदाच, हळू घालू’ असा आग्रह होतो, त्याला नाही म्हणा. लेझीम हवीच असेल तर लहान मुलांची हलकी घ्या आणि बसून वाजवा.

झिम्मा, प्रयोगाची पहिली ५ मिनिटं. दोघी समोरासमोर, गुडघ्यांमध्ये एक वीत अंतर. आठ मात्रांचा घास: मांडीवर दोन, स्वतःची टाळी दोन, समोरच्या उजव्या हाताला एक, स्वतःची एक, डाव्या हाताला एक, स्वतःची एक. आधी फक्त पहिल्या चार मात्रा, पूर्ण सराव. मग पुढच्या चार. एका दिवशी दोन नव्या घासांपेक्षा जास्त नको. लय मिनिटाला ६० ठोक्यांपासून सुरू करा आणि सहाव्या आठवड्यापर्यंत ८० ते ८४ वर न्या. त्यापुढे नेऊ नका. मनगट दुखणाऱ्यांनी तळव्याऐवजी बोटांच्या टोकांनी टाळी द्यावी.

उजवं-डावं हा सगळ्यात मोठा गोंधळ. समोर उभं राहून शिकवणारी ‘उजवा’ म्हणून स्वतःचा उजवा उचलते आणि गट आरशासारखा डावा उचलतो. ‘खिडकीकडचा हात’ म्हणायची युक्ती काही जण करतात. ती हॉल बदलला की फसते. प्रत्येकाच्या उजव्या मनगटाला लाल गोंडा बांधा आणि ‘लाल हात’ म्हणा. प्रयोगाच्या दिवशीही गोंडा राहू द्या, वेशभूषेतच तो शोभतो.

भोंडला, नाट्यप्रवेशानंतरची ५ मिनिटं. मूळ खेळात हात धरून एकाच दिशेने गोल फिरतात. ज्येष्ठांसाठी त्यात तीन अडचणी: एका दिशेने फिरून गरगरतं, एक अडखळली तर हात धरलेल्या दोघींना ओढते, आणि निम्म्यांची पाठ प्रेक्षकांकडे राहते. म्हणून गोल मोडून घोड्याच्या नालेचा आकार करा. पुढे पाटावर हत्ती, मागे तीन ओळी:

- पहिली ओळ बसलेल्यांची. हात, टाळी, टिपऱ्या.
- तिच्यामागे आधार धरणारे, प्रत्येकासमोर त्याची स्वतःची रिकामी खुर्ची, पाठ त्याच्याकडे. दोन कडवी उभ्याने, मग कडेच्या मोकळ्या वाटेने पुढे येऊन बसायचं.
- सगळ्यात मागे मोकळे चालणारे. आठ पावलं एका दिशेला, मग वळून आठ परत.

उलटं, मागे मागे चालणं कुठेही ठेवू नका. वळताना एका पायावर फिरणं नाही, चार लहान पावलांत वळायचं. वळताना तोल सहज जातो. वळण्यासाठी गाण्यातच चार मात्रा मोकळ्या सोडा, म्हणजे घाई होणार नाही.

> तपासा: सहाव्या आठवड्याच्या शेवटी सगळी रचना गाण्याशिवाय, नुसत्या ढोलकीच्या ठेक्यावर न थांबता होते का? नसेल तर काहीतरी कापा. नवं काहीही घालू नका.

## टप्पा ५: नाट्यप्रवेश (आठवडा ४ ते ९)

तयार एकांकिका घेऊन पाठांतर करायला लावणं ही दुसरी मोठी चूक. पाठांतराच्या धास्तीने माणसं येणंच बंद करतात. प्रवेश त्यांच्या आठवणींतून तयार करा, ७ मिनिटांचा.

1. वस्तू हातात द्या. पितळी डबा, अडकित्ता, जुनं रेशनकार्ड, मिलचा पास. ‘आठवतंय का?’ असं विचारू नका; विसर पडू लागलेल्यांना तो प्रश्न परीक्षेसारखा वाटतो. ‘याचं काय करायचे?’ असं विचारा. कृती आधी हाताला येते, शब्द मागून येतात. इंदूरकरांना बोलतं करणारे विषय हाताशीच आहेत: मिलचा भोंगा, अनंत चतुर्दशीच्या रात्री पाहिलेल्या झांक्या (चित्ररथ), राजवाड्यासमोरचे टांगे, सराफ्यातलं रात्रीचं खाणं.
2. बोललेलं जसंच्या तसं उतरवा. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा, पण आधी विचारून. इथल्या मराठीत हिंदी सहज मिसळते, ती ‘सुधारू’ नका. पुस्तकी केलेलं वाक्य त्यांना स्वतःचंच वाटत नाही आणि मग लक्षातही राहत नाही.
3. वाक्यं छाटा. एकेकाला जास्तीत जास्त तीन वाक्यं, एकेक वाक्य आठ शब्दांच्या आत.
4. क्रम लावा आणि परवानगी घ्या. वाटण्या, भाऊबंदकी, गेलेल्या माणसांच्या आठवणी वर येतात. ज्याची आठवण त्याचा होकार असेल तरच ती मंचावर. कोणी रडू लागलं तर सराव थांबवा, पाणी द्या, शेजारी बसा; ‘पुढे चला’ म्हणू नका.
5. नवव्या आठवड्यात संहिता गोठवा. त्यानंतर एक शब्दही बदलायचा नाही.

संहिता हातात असली तरी लाज कसली! ती प्रवेशाचा भाग करा: कोणाच्या हातात पोथी, कोणाच्या हातात पत्र, कोणाकडे वाणसामानाची यादी. कागदाची एकच बाजू छापा, अक्षर २० पॉइंट आणि ठळक, ओळींत दीडपट जागा, मागे पुठ्ठा. प्रत्येकाची वाक्यं फिक्या पिवळ्या पट्टीत. चकचकीत कागद नको, दिव्याखाली तो चमकतो.

आठवण करून देणारा विंगेत उभा करून उपयोग नाही. कानाला कमी ऐकू येणाऱ्यांपर्यंत तिथली कुजबुज पोचत नाही. त्याला मंचावरच भूमिका द्या, ओट्यावर बसलेला शेजारी किंवा पोस्टमन. तो पहिला शब्द नाही, पहिले तीन शब्द सांगतो, आणि तेही प्रश्नासारखे: ‘मग काय, तो टांगेवाला म्हणाला?’

> सावध: वयात उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येतात. सूचना ओरडून देऊ नका, ओरडल्यावर आवाज आणखी उंच होतो. जवळ जा, तोंड दिसेल असं समोर उभं राहा, खालच्या पट्टीत सावकाश बोला आणि त्या वेळी पंखा-पेटी बंद ठेवा.

## टप्पा ६: जोडणी, आवाज, उजेड (आठवडा १० आणि ११)

झिम्मा ५ मिनिटं, प्रवेश ७, भोंडला ५ आणि शेवटी बसून विठ्ठलनामाचा गजर ३ मिनिटं. दमवणारं काम प्रवेशाच्या दोन्ही बाजूंना विभागलं जातं.

साथ जिवंत हवी: पेटी, ढोलकी, टाळ. मुद्रित गाणं कोणासाठी थांबत नाही. वादक थांबतो, एक आवर्तन वाढवतो आणि चूक कोणाला कळतही नाही. स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून पुढे ठेवा. मागे ठेवले तर माईकमध्ये शीळ घुमते आणि कानातली यंत्रंही कर्कश होतात. सगळ्या वायरी भिंतीकडून न्या. जिथे ओलांडाव्या लागतील तिथे रुंद पट्टीने पूर्ण चिकटवा.

उजेडाच्या बाबतीत एकच नियम, पण तो पाळाच: पूर्ण अंधार कधीही करू नका. म्हाताऱ्या डोळ्यांना उजेडातून अंधारात सरावायला बराच वेळ लागतो. दृश्यबदल मंद उजेडात करा, आणि प्रखर दिवा डोळ्यांवर रोखू नका.

तात्पुरत्या मंचाबद्दलही बोलायला हवं. मंडळांचे मंच फळ्यांचे असतात, वर सतरंजी, जिच्या घड्या पडतात, आणि चढायला कठडा नसलेल्या तीन पायऱ्या. शक्य असेल तर मंच वापरूच नका. सपाट फरशीवर प्रयोग करा, प्रेक्षक तीन बाजूंनी बसवा. मंच वापरावाच लागला तर दोन्ही बाजूंना कठडा, पायरीच्या कडेला पांढरी पट्टी आणि मंचाच्या पुढच्या कडेपासून एक मीटर आत जमिनीवर रंगीत रेघ. त्या रेघेपुढे कोणी जायचं नाही.

## टप्पा ७: पोशाख (आठवडा ११)

पूर्ण पोशाखात किमान दोन सराव. साडीचा काठ घोट्याच्या वर चार बोटं, पदर खोचून पिन लावलेला. सहावारीच्या निऱ्या कमी करा. पुरुषांना धोतराऐवजी पायजमा, फेट्याऐवजी टोपी. फेटा कानातलं यंत्र दाबतो आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकतं. घुंगरू पायात नकोत, सुजलेल्या घोट्यांना ते काचतात. दहा-बारा घुंगरांची पट्टी मनगटाला बांधा. पायात मागे पट्टा असलेली, खरबरीत तळव्याची चप्पल. मधुमेहींना अनवाणी करू नका, पायाला बधिरपणा असेल तर टाचणी रुतलेलीही कळत नाही. नुसते मोजे घालून फरशीवर तर कोणीच नाही.

## टप्पा ८: प्रयोगाचा दिवस

प्रयोग संध्याकाळी ६ वाजता धरा. चंद्राची आणि दुधाची वाट पाहत रात्री ९ ला ज्येष्ठांना उभं करणं चूक आहे. त्यांचा प्रयोग आधी, दूध नंतर.

- ४:३० आगमन. त्या दिवशीच्या गोळ्या घेतल्या का, नावानिशी विचारा.
- ४:४५ चहा आणि पोहे. जिलबी प्रयोगानंतर. इन्सुलिन घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी राहायचं नाही.
- ५:०० बीपी, मग हलकी कसरत, फक्त बसून.
- ५:१५ पोशाख.
- ५:३५ सगळ्यांनी शौचालयाला जाऊन येणं. ‘मला नाही लागली’ हे मान्य करू नका.
- ५:५० जागेवर. पाण्याचे दोन घोट.

दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांची भाषणं प्रयोगानंतर ठेवा, आणि हे आयोजकांकडून आधीच कबूल करून घ्या. बहुतेक कार्यक्रमांत हेच बिघडतं: बारा आठवडे नीट सराव झालेला असतो आणि पाऊण तास भाषणांत सगळे पोशाख आवळून बसतात, सांधे आखडतात, शुगर उतरते, आणि मग उभं राहा म्हटल्यावर पाय उचलत नाही. उशीर झालाच तर पुन्हा टाच-चवडा २० आणि पावलं ३० करूनच उठवा.

> सावध: घाम, थरथर, गोंधळलेलं बोलणं दिसलं तर शुगर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. मोजायचं यंत्र नसेल तर साखर आधी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ लावा. कोणी पडलं तर ओढून उठवू नका. कुठे दुखतं विचारा, हातपाय हलतात का पाहा. खुब्यात दुखत असेल, पाय आखूड किंवा वळलेला दिसत असेल, डोक्याला लागलं असेल तर जागेवरच झोपू द्या आणि १०८ लावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांच्या डोक्याला थोडंसं लागलं तरी दवाखाना.

संपल्यावर लगेच गर्दी वर चढू देऊ नका. पाच मिनिटं बसून संथ श्वास, खांदे, मग नातवंडांना येऊ द्या.

## टप्पा ९: प्रयोगानंतरचा आठवडा

बारा आठवडे ज्यांच्या दिवसाला साडेचारची वेळ होती, त्यांची ती वेळ एकदम रिकामी होते, आणि एकटं राहणाऱ्यांना ते फार लागतं. पुढच्या सरावाची तारीख प्रयोगाच्या दिवशीच, सगळे खुर्च्यांवर बसलेले असताना सांगा, आणि ती दहा दिवसांच्या आतली असू द्या. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरच्यांना तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस सुचवते. आपले सराव दोनच. तिसऱ्या दिवसासाठी घरी करायचा तक्ता मोठ्या अक्षरात छापून द्या: टाच-चवडा, पावलं, बसून उठणं ५ वेळा, स्वयंपाकघराचा ओटा धरून पावलापुढे पाऊल. सोबत झिम्म्याच्या ठेक्याचं ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲपवर पाठवा, मिनिटाला ७० ठोक्यांचं. आणि जे प्रयोगाला येऊ शकले नाहीत त्यांना फोन त्याच आठवड्यात करा.